डेन्मार्कला गेलेली चाल

डेन्मार्कमधला एक संगीतकार पेन्सिलीने संगीत लिहितो, पानं स्कॅन करून मला पाठवतो, आणि मी नाहूरच्या आमच्या घरात बसून ती कॉम्प्युटरवर स्वच्छ उतरवून देते. बारा वर्षं माझं हेच काम आहे. हे कोणाला सांगितलं की समोरचा आधी माझ्याकडे, मग घराकडे बघतो आणि हमखास विचारतो, "पण तुझ्याकडूनच का?" त्याचं काही चुकत नाही. पहिली दोन वर्षं मीही हेच विचारत होते. तिकडे गल्लोगल्ली ऑर्केस्ट्रा असतील, आणि या माणसाला एक सुवाच्य लिहिणारा मिळू नये? यात काहीतरी काळंबेरं असणार.

संशय आमच्याकडे वारशाने येतो. बाबा भाजीवाल्याने कोथिंबीर फुकट दिली तरी जुडी सोडून आत काय आहे ते बघतात. मी तेवढी वाईट नाही, पण जुडी सोडली की मीही वाकून बघतेच.

माझं शिक्षण सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मी अंधेरीच्या एका ऑफिसात परदेशी पुस्तकांची पानं लावायचे. तिथे एकदा संगीताची पुस्तकं यायला लागली, तेव्हा वांद्र्याच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या एक बाई आम्हा सहाजणींना शिकवायला आल्या. महिन्याभरात पाच रेघांची ती लिपी आम्हाला लिहिता-वाचता येऊ लागली. वाजवता काहीच येत नव्हतं, आजही येत नाही. पुढे तो विभाग बंद पडला, आणि ज्याची पानं मी तिथे लावायचे त्या या संगीतकाराचा आठवड्याभरात ईमेल आला: तुम्ही घरून माझं काम कराल का? कारणही त्याने लिहिलं होतं. त्याच्या संगीतात लांबच लांब शांतता असते. बाकीचे लोक पान चुकून कोरं राहिलं समजून विचारत बसतात, तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. मी विचारलं नव्हतं ते घाबरून. साहेब लोकांना प्रश्न विचारायचे नसतात असं मला वाटायचं. ते त्याला काय म्हणून सांगणार? हो म्हणून टाकलं.

पहिलंच हस्तलिखित आलं ते चार व्हायोलिनवाल्यांचं. त्यात सलग साडेतीन पानं चौघेही गप्प. बाबा माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले आणि चष्मा वर करून बघू लागले.

"हो माणूस गाना लिवता की गप रवता?"

"गप्प कधी राहायचं ते लिहितो."

"ता लिवचा कित्याक लागता? मी वर्साची वर्सा गप रवलंय, कागद नाय लागलो."

ते खरंच होतं, पण त्याच्याकडे नंतर येते.

तीन वर्षांपूर्वी त्याच्या सगळ्या कृती एकत्र छापायचं ठरलं, आणि त्याने विशीत लिहिलेल्या पानांपासून सगळं माझ्याकडे पाठवायला सुरुवात केली. एखाद्या माणसाला न भेटता त्याचं कपाट आवरायला घ्यावं, तसं झालं. तो समुद्रकाठच्या लहानशा गावातला. बाप मासे खारवायच्या कारखान्यात होता आणि रविवारी चर्चमध्ये ऑर्गनचा भाता हलवायचा. तरुणपणी राजधानीत गेल्यावर याने जे लिहिलं, ते बघून माझे डोळे दुखले. पानं सुरांनी काळी झालेली. ढोल, ट्रम्पेट, माणसांच्या किंकाळ्या, आणि एका जागी चक्क टाइपरायटर. समासात डॅनिशमध्ये एकच शब्द पुन्हा पुन्हा, तीनतीनदा अधोरेखित: 'जोरात'.

मग मध्येच केव्हातरी पानं उजळत गेली. गायकवृंदासाठी त्याने एक कृती केली, त्यातले शब्द म्हणजे खलाशांसाठी रेडिओवर देतात तो हवामानाचा अंदाज. वाऱ्याची दिशा, लाटांची उंची, बस. मला वाटलं, याला कवी मिळाला नाही की काय. पण उतरवताना ते शब्द नुसते डोळ्यांखालून जात असूनही मी टाइप करायची थांबले. आमच्या मूळ गावातही अशाच बायका दारात उभ्या राहून वाऱ्याची दिशा बघतात. मग क्लॅरिनेटसाठी एक कृती, त्यात वादक बराच वेळ दिसतच नाही, मागच्या दाराबाहेरून वाजवतो. मग हंसांवर मुलांचा ऑपेरा. मग मोठं बक्षीस, आणि त्यानंतर पुन्हा ती लांब शांतता.

माझी नजर मात्र भलतीकडेच जायची. त्या हवामानाच्या कृतीपर्यंत प्रत्येक संगीत एकाच बाईला अर्पण केलेलं होतं. त्यानंतर कोणालाच नाही. बाईंचं काय झालं? आणि दुसरं म्हणजे, हा उचलतो. एका जुन्या कृतीतले आठ सूर मला नव्यात सापडले, जसेच्या तसे. एका ठिकाणी त्याच्या गावच्या चर्चमधली प्रार्थना सापडली. त्याने तळटीप देऊन ते मान्यही केलं होतं, पण माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. याला उचलायची सवय आहे, हे मी नोंदवून ठेवलं.

आता बाबांचं. बाबा गिरणी बंद पडल्यावर एका सोसायटीत वॉचमन होते, पण त्यांची खरी ओळख भजनी बुवा म्हणून. आमच्या कोकणी लोकांत डबलबारी असते. एका मंडपात दोन बुवा आमनेसामने, आपापला कोरस, पेटी, पखवाज, झांजा घेऊन. एकाने गायचं, दुसऱ्याने त्याला तोडीचं उत्तर द्यायचं. शेवटचा वेगवान गजर ज्याचा नवा आणि चढा, मंडप त्याचा. त्यामुळे गजराची चाल बुवा जिवापलीकडे जपतो. बाबांची पद्धत तर न्यारीच होती. तालमीत ते अर्धीच चाल शिकवायचे. कोरसला त्यांनी मागून म्हणायच्या तेवढ्या ओळी, पखवाजवाल्याला फक्त ठेका, आणि मधली ओळ कोणालाच नाही. ती त्यांच्या पोटात. मंडपात पहिल्यांदा ती बाहेर यायची, तेव्हा त्यांचे स्वतःचे लोकही चकित होऊन बघायचे.

एवढं करूनही घाटकोपरच्या एका बारीत समोरच्या बुवाने बाबांचा नवा गजर बाबांच्या आधीच म्हटला. सगळा नव्हे, पण ओळखू यावा इतका. बाबा त्या दिवशी गजर न म्हणता उठले. संशय आला तो पखवाजवाल्यावर, ज्याच्याबरोबर त्यांनी वीस वर्षं वाजवलं होतं आणि ज्याच्या घरी आमचा गणपतीतला दुसरा दिवस जायचा. त्याने देवाची शपथ घेतली. बाबा म्हणाले, देव पण फितूर असू शकतो. संबंध तुटले ते तुटले. त्यानंतर बाबांनी एकच गजर बांधला, त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला, आणि तो कुठल्याच मंडपात म्हटला नाही. घरातच दोनचार तालमी घेतल्या, मग मंडळच बंद केलं. तो गजर या घराच्या बाहेर गेलेला नाही, हा त्यांच्या म्हातारपणाचा एकमेव अभिमान आहे. ते हे आल्यागेल्याला सांगतात.

मी तेव्हा विशीत होते. मुलींनी तालमीत बसायचं नाही, चहा द्यायचा. चहा देता देता आणि भिंतीपलीकडून मी तो गजर उचलला. कोणाला कळलं नाही, कारण मी तो कधी तोंडाने म्हटलाच नाही.

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता संगीतकाराने नव्या कृतीचा तिसरा भाग पाठवला. ऑर्केस्ट्रा आणि गायकवृंद, मोठं काम. मी व्हायोलाच्या, म्हणजे मोठ्या व्हायोलिनच्या, रेघा भरत होते. एक सूर, दुसरा सूर, तिसरा, आणि पाचव्यासहाव्या सुराला माझी बोटं पानाकडे न बघताच पुढे जाऊ लागली. मी हात उचलला. पानाकडे बघितलं. बोटं बरोबर चालली होती.

बाबांचा गजर. वेग निम्मा केलेला, पण तोच.

मी ते सूर पुन्हा पहिल्यापासून वाचले. मग राग आला, इतका की मी उठून दार लावून घेतलं. चोर! कुठून घेतला? घरात बाहेरचं कोणी येत नाही. मग आठवलं, महिन्यातून एकदा आमचा व्हिडिओ कॉल होतो आणि तेव्हा आतल्या खोलीत बाबा कधीकधी पेटी काढून बसतात. बाबांनी मला बजावलं होतं, "तेच्याशी बोलताना दार लाय. तेका हयचा सगळा ऐकाक जाता." मी हसले होते. कॉलच्या वेळा काढल्या, बाबांच्या पेटीचे दिवस आठवून बघितले. एका कॉलमध्ये तो मध्येच थांबून, मान वाकडी करून ऐकत होता, हेही आठवलं. झालं, माझ्यापुरता गुन्हा शाबीत झाला. पानं काळी करून आवाज करायची हौस फिटली, आता गरिबांच्या घरातलं उचलतोय.

ईमेल लिहिला तो कडक. हे सूर तुम्हाला कुठे मिळाले ते मला कळायला हवं, ते माझ्या वडिलांचे आहेत, त्यांनी ते कोणालाही दिलेले नाहीत. पाठवून टाकला. बारा वर्षांचं काम गेलं, हे तेव्हा लक्षात आलं.

उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आलं. त्याने लिहिलं होतं: मी गोंधळलो आहे. हे सूर तर तुम्हीच मला पाठवलेत. क्लॅरिनेटच्या कृतीची फाईल उघडा, अगदी तळाशी लपवलेल्या रेघा आहेत. मला वाटलं, इतक्या वर्षांत तुम्ही पहिल्यांदा स्वतःचं काहीतरी दाखवताय आणि सरळ सांगायला लाजताय. म्हणून मीही विचारलं नाही, उत्तर म्हणून हा भाग लिहिला. मधली ओळ मला सगळ्यात आवडली. ती जिथे खाली येईल असं वाटतं तिथे वर चढते. त्या ओळीवरच सगळा भाग उभा आहे. छपाईच्या आधी तुमचं नाव द्यायचं मनात होतं. शुक्रवारपर्यंत सांगा, नाव घालू की हा भाग काढू?

फाईल उघडली. लपवलेलं दाखवा, या बटणावर क्लिक केलं. तळाशी पाच रेघा उमटल्या आणि त्यांवर तो गजर, माझ्या हातचा.

कसा आला ते सांगते, कारण ही चूक माझ्यासारख्या बाईच्याच हातून होणार. नवं पेन घेतलं की माणूस कागदावर आपलं नाव लिहून बघतो. तसं, फाईलमध्ये नवं वाद्य घातलं की त्याचा आवाज नीट येतो का ते बघायला काहीतरी टाइप करून वाजवावं लागतं. बाकीचे सा रे ग म टाकतात. मला एकच चाल पाठ, म्हणून मी ती टाकायचे आणि लगेच पुसायचे. बारा वर्षं रोज पुसली. क्लॅरिनेटची फाईल केली त्या दिवशी बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळ्यांत थेंब घालायची वेळ झाली होती, ते आतून हाका मारत होते. मी पुसण्याऐवजी लपवून ठेवली आणि उठले. परत येऊन फाईल पाठवून दिली. चोर सगळीकडे शोधला, आणि काखेत कळसा.

दोन दिवस मी बाबांशी धड बोलले नाही. नाव घालू की काढू? काढा म्हटलं की बाबांना कधीच कळणार नव्हतं. नाव घाला म्हटलं की ते माझं होणार होतं, आणि खरं सांगायचं तर मला ते हवं होतं. बारा वर्षं दुसऱ्याचं लिहून दिल्यावर एकदा आपलं नाव छापलेलं बघायला मला फार हवं होतं. पण बाबा जेवताना वरणाकडे बघून म्हणाले, "आज काय घालूक इसारलंस?" आणि मला वाटलं यांना कळलं. यांना सगळंच कळतं, नाहीतर हे असे बघतात का? चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय असतं, ते मला त्या दोन दिवसांत कळलं.

गुरुवारी दुपारी त्यांना खुर्चीत बसवलं आणि कॉम्प्युटरवर तो तिसरा भाग वाजवून दाखवला. यांत्रिक आवाज, निम्मा वेग, मध्ये भल्या मोठ्या शांतता. तरी दुसऱ्या ओळीला त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर थांबली.

"खयसून गावली तेका ही?"

मी तोंड उघडायच्या आतच ते पुढे म्हणाले, "तो पखवाजवालो. तेनाच दिल्यान."

"बाबा, त्यांचा काय संबंध? त्यांना तुम्ही हाकललंत, त्यानंतर बांधलात ना हा? त्यांनी ऐकलाच नाही कधी."

"मग कोणी?"

"मी."

सगळं सांगितलं. चहाचे कप, भिंत, टाइप करून पुसणं, डोळ्यांचे थेंब. रडू येत होतं आणि रागही येत होता. एवढं जपून ठेवलंत म्हणून माझ्यावर ही पाळी आली, असं काहीतरी मी मध्येच ओरडले. त्यांनी कॉम्प्युटरकडे बोट केलं. मग म्हणाले, "परत लाव."

परत लावलं. मधली ओळ आली तसा त्यांनी हात वर केला. "थांब. ही ओळ माझी नाय."

"तुमचीच आहे. मला पहिल्यापासून पाठ आहे."

"माझी खाली येता. ही वर चढता." त्यांनी त्यांची ओळ हळूच म्हणून दाखवली. खरंच ती खाली येत होती, साधी, छान. मी ती आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. "मदली ओळ मी ह्या घरात कधी गायलंयच नाय. तालमीत नाय, पेटीर नाय. तू ऐकतलंस खयसून?"

 मला ती पाठ होती. मागचं आणि पुढचं ऐकून मधलं माझं मीच भरलं होतं, आणि वीसबावीस वर्षं ते त्यांचंच समजत होते.

बाबांनी तिसऱ्यांदा लावायला सांगितलं. या वेळी डोळे मिटून ऐकलं. "ओळ बरी हा," म्हणाले. आणि मग व्यवहाराच्या आवाजात, "माझा ता काढून टाक. तुझा तुका."

मी तसंच संगीतकाराला कळवलं: मधली ओळ माझी आहे, ती ठेवा. आधीची आणि नंतरची माझ्या वडिलांची, ती काढा, ते देत नाहीत. मला वाटलं तो वैतागेल. त्याने फक्त नवी पानं पाठवली. बाबांच्या ओळी गेल्या होत्या, माझी एकटीच राहिली होती, आणि त्याने लिहिलं होतं की वडिलांचा मी आदर करतो, त्यांच्यासारखं मला एकदा तरी नाही म्हणता यायला हवं होतं. हेही खरं की कावा, हे मी थोडा वेळ तपासलं. मग सोडून दिलं.

पानं उतरवून झाली. शेवटी पहिल्या पानावर नावाची जागा राहिली. बाबा नेहमीसारखे खुर्चीमागे येऊन उभे होते.

मी मागे न बघता विचारलं, "मी तेव्हा मागितली असती, तर दिली असतीत?"

 माझ्या बापात एक गुण आहे, बरं वाटावं म्हणून ते खोटं बोलत नाहीत.

"नाय. नसती दिली."

"का?"

"माका वाटला असता, तू लगीन करून जातलंस, नि चाल तुझ्या सासरी जातली."

मी पंचेचाळीस वर्षांची आहे. लग्न केलं नाही, आई गेल्यावर या माणसाला सोडून कुठे जायचं म्हणून राहिले. म्हणजे पखवाजवाल्याच्या आधीपासून, मी फ्रॉकमध्ये असल्यापासून, त्यांच्या संशयितांच्या यादीत मीही होते. मला इतकं लागलं की मी मान वळवली नाही. त्यांनाही ते कळलं असावं, कारण त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

आपल्याकडे नाव तीन शब्दांचं असतं: आपलं, बापाचं, आडनाव. मी पहिला शब्द टाइप केला. मग थोडी थांबले, बाबा मागून बघत होते. आणि तेवढ्यावरच फाईल पाठवून दिली.